हजार उल्लेख आणि न उघडलेली कुपी

डब्यात एक्याऐंशी खाने होते. नऊ आडवे, नऊ उभे. त्यांपैकी चौसष्ट भरलेले, सोळा रिकामे, आणि एका खान्यात झाकण तडकलेली एक कुपी होती. तिला भरलेली म्हणावे की रिकामी, यावर आमच्यात कधी एकमत झाले नाही. शेवटच्या ओळीतल्या शेवटच्या खान्यात, अगदी कोपऱ्यात, मी होते.

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. प्लॅस्टिकची, तुमच्या करंगळीहून थोडी लहान, डोक्यावर लाल झाकण. औषधाच्या दुकानात मिळते तसली मी नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागातली. माझ्या पोटात पाव चमच्याहूनही कमी द्रव आहे, आणि त्या द्रवात काही कोटी जंतू गाढ झोपलेले आहेत. ते जागे होऊ नयेत म्हणून मला कपाटाएवढ्या मोठ्या फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांवर ठेवले आहे. तुमच्या घरच्या फ्रीजमधला बर्फ माझ्या लेखी कोमट.

हा फ्रीजर व्हरांड्यात उभा आहे. खोलीत त्याला जागा नव्हती. तो दिवसभर घरघर करतो, त्यामुळे त्याच्यापाशी उभे राहून बोललेले कोणाला ऐकू जात नाही, असे माणसांना वाटते. विभागातली सगळी महत्त्वाची बोलणी म्हणूनच माझ्या दाराशी होतात. मला दिसत काही नाही. ऐकू मात्र सगळे येते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेले प्लॅस्टिक साच्यात ओतले, साचा उघडला आणि मी बाहेर पडले. आम्ही पाचशे बहिणी एका पिशवीत भरल्या गेलो. सगळ्या इतक्या सारख्या, की आपसात भांडायचीही सोय नव्हती. कोण कोणाला बोलली हे कळायला तर हवे ना! ती पिशवी एका प्रयोगशाळेत आली आणि एका मुलीने आत हात घालून मला उचलले.

आज सगळे त्यांना मॅडम म्हणतात. तेव्हा त्या मॅडम नव्हत्या. ॲप्रनच्या खिशावर शाईचा डाग असलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली एक मुलगी होती. विभागाच्या गच्चीवर पाण्याची एक जुनी टाकी होती. तिच्या कडेला हिरवट बुळबुळीत थर धरला होता, आणि त्या थरात एका जागी, नखाएवढ्या गोलात, काहीच उगवत नव्हते. टाकीपाशी रोज माणसे येत, नळ सोडत, निघून जात. या मुलीला प्रश्न पडला: इथेच का नाही?

तिने त्या गोलाच्या मधोमध कापसाचा बोळा फिरवला, जे चिकटले ते प्लेटवर वाढवले आणि पुढचे अनेक महिने ती त्याच्या मागे लागली. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी बशी, मित्रांनो. तिच्यात जंतूंचे खाद्य जेलीसारखे गोठवून ठेवतात, त्याला आगर म्हणतात. आधी आगरावर एक जंतू सगळीकडे पसरायचा. मधोमध दुसऱ्या जंतूचा ठिपका ठेवायचा. दुसऱ्याने पहिल्याला जवळ वाढू दिले नाही, तर ठिपक्याभोवती स्वच्छ वर्तुळ उमटते. ते वर्तुळ पट्टीने मोजायचे. तिने पसरला टाकीच्या हिरव्या थरातला जंतू, आणि ठिपका ठेवला त्या गोलातल्या जंतूचा. वर्तुळ भरले अकरा मिलिमीटर.

तो जंतू तिने माझ्या पोटात ठेवला. माझ्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर एकच आकडा लिहिला: १. तेव्हापासून माझे नाव ‘पहिली’.

मग तिने चार पानांचा शोधनिबंध लिहिला. त्यात अकरा मिलिमीटर लिहिले होते. बारा नाही, ‘सुमारे अकरा’ नाही. आणि शेवटचे वाक्य होते, ‘या जंतूचा उपयोग काय, हे आम्हाला अजून माहीत नाही.’ छापून आल्यावर ते वाक्य तिने फोनवर आपल्या आईला वाचून दाखवले. आई म्हणाली, “अगं, मग छापलं कशाला? माहीत झाल्यावर छापायचं ना!”

दुसऱ्या कोणी संशोधकाने आपल्या निबंधात तुमच्या निबंधाचे नाव घेतले, की तो एक उल्लेख धरतात. किती उल्लेख झाले यावरून निबंधाचे वजन ठरते, आणि निबंधांवरून माणसाचे. माझ्या त्या चार पानांना सात उल्लेख मिळाले. वर्षाला सात नव्हे. एकूण सात.

आता आमच्या विभागातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचे सगळे त्या रीतीने घडवले आहे.

रोजच्या कामासाठी मला उघडत नसत. माझ्यातला थोडासा जंतू काढून एका प्लेटवर वाढवला होता. ती झाली कामाची प्लेट. ती जुनी झाली की तिच्यावरून दुसरी करायची, दुसरीवरून तिसरी. नियम असा, की काही काळाने पुन्हा मूळ कुपीकडे यावे आणि नव्याने सुरुवात करावी. पण मी पहिली होते ना! मला उघडायला कोणाचा हात होईना. “तिला नका काढू, ती जपून ठेवायची आहे,” असे मॅडम प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. मला फार बरे वाटे. मी दारामागे बसून ऐकत असे आणि फुगून जात असे. उणे ऐंशीत जितके फुगता येते तितकी.

काही वर्षांनी एके सकाळी व्हरांड्यात एवढा आरडाओरडा झाला, की फ्रीजरची घरघर बुडून गेली.

“चोवीस! मॅडम, चोवीस! पुन्हा मोजा हवं तर!”

हा आवाज दादाचा. दादा म्हणजे मॅडमचा पहिला विद्यार्थी. नंतर आलेले सगळे त्याला दादा म्हणू लागले आणि कधीकधी चुकून मॅडमसुद्धा. माझ्या जंतूंनी या वेळी टाकीवरच्या बिचाऱ्या शेवाळवाल्याला नाही, तर कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या एका चिवट रोगजंतूला रोखले होते. वर्तुळ चोवीस मिलिमीटर! व्हरांड्याच्या टोकाला मोठी खिडकी आहे. प्लेट उजेडात धरायला सगळे तिथेच येतात. मॅडम तिथे उभ्या राहून पुन्हा पुन्हा पट्टी लावत होत्या आणि दादा पुन्हा पुन्हा “किती?” म्हणत होता.

मला वाटले, माझी लेकरे शिकून मोठी झाली.

तो निबंध गाजला. उल्लेख शंभर झाले, दोनशे झाले, पुढे कोणी बोटांवर मोजेना. देशोदेशींच्या प्रयोगशाळांनी मॅडमकडे तो जंतू मागितला. कामाच्या प्लेटवरून नळ्या भरल्या गेल्या आणि निघाल्या. त्याच जंतूवर मॅडमचे आणखी चार निबंध आले. त्यांच्या नावावर एकूण त्रेचाळीस निबंध झाले. दादाला नोकरी लागली, मग बढती मिळाली. विभागाला नवी यंत्रे आली. फ्रीजर मात्र व्हरांड्यातच राहिला.

माझ्या अंगावर बर्फाचे काटे वाढत गेले. कागदाची पट्टी पिवळी पडली. एकदा बर्फ खरवडायच्या दिवशी एक विद्यार्थी आमचा डबा उचलून म्हणाला, “यातलं कोणी वापरत नाही, टाकून देऊ?” मॅडम धावत आल्या. “पहिलीला हात लावू नका!” त्यांनी माझ्यावरचा बर्फ स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मला परत कोपऱ्यात ठेवले. तडकलेली कुपी मला म्हणाली, “तुझी बाई मजा आहे. काम काही नाही, मान केवढा!” मला तिचा राग आला. आता वाटते, तिचे चुकले नव्हते.

मोठ्या निबंधाचा हजारावा उल्लेख झाला तेव्हा मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. विभागाने केक आणला. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून तो माझ्या दाराशी, व्हरांड्यातल्या टेबलावर कापला. त्यावर क्रीमने ‘१०००’ काढले होते. मॅडमची शेवटची विद्यार्थिनी चिमणी सगळ्यांना वाढत होती. तिचे खरे नाव काय ते मला ठाऊक नाही. ती अखंड बोलते म्हणून चिमणी.

“दादा, तुम्हाला कोणतं शून्य?”

“पहिलं दे. मी पहिला विद्यार्थी.”

“मग तुम्हाला एक द्यायला हवा.”

“एक मॅडमना. आम्ही त्यांच्यामागची शून्यं.”

सगळे हसले. मॅडमनी आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. आई आता खूप थकली होती, पण आवाज खणखणीत.

“हजार काय झाले म्हणालीस?”

“उल्लेख, आई. दुसऱ्याने आपल्या लिखाणात माझ्या निबंधाचं नाव घेतलं की एक.”

“चांगलं बोलला तर?”

“काहीही बोलला तरी.”

“नावं ठेवली तरी एक?”

“तरी एक.”

“अगं, मग तुझ्या धाकट्या काकांचे आपल्या एका गल्लीत दहा हजार होतील!”

हसता हसता दादाला ठसका लागला. चिमणी पाणी आणायला पळाली. त्या हशातच मला एक अनोळखी आवाज ऐकू आला. हळू, अवघडलेला.

“मॅडम, दोन मिनिटं इकडे येता? इथे, फ्रीजरपाशी.”

ती पाहुणी होती. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून खास समारंभासाठी बोलावलेली. थोड्या वेळाने तिचे व्याख्यान होते, मॅडमच्या कामावरच.

“तुम्ही आम्हाला जंतू पाठवला होता ना,” ती म्हणाली, “तो आम्ही पूर्ण वाचून काढला. त्याच्या जनुकांचा सगळा आराखडा, अक्षर न् अक्षर. मी हे व्याख्यानात बोलणार नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवेना.”

“काय झालं?”

“तो तुमचा जंतू नाही, मॅडम.”

पाहुणीने केकची बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“तो साध्या धुळीतला जंतू आहे. कोणत्याही प्रयोगशाळेच्या हवेत सापडतो. तो जे औषध बनवतो तेही फार जुनं, कधीच सापडलेलं. सगळ्या जंतूंना मारतं, पण माणसाला देता येत नाही, मूत्रपिंडं निकामी होतात. तुमच्या पहिल्या निबंधात जंतूचं जे वर्णन आहे, त्याच्याशी याचा दूरचाही संबंध नाही.”

मित्रांनो, अंगावर काटा आला म्हणावे तर माझ्या अंगावर बर्फाचा काटा आधीच होता. पण मी हादरले. दारामागे इतकी वर्षे बसून जी लेकरे माझी म्हणून मी मिरवत होते, ज्यांच्यासाठी यंत्रे आली, केक आला, ती माझी नव्हतीच? माझ्या नावाने परकेच कोणी नांदत होते? आणि मग माझी स्वतःची लेकरे, टाकीवरची, अकरा मिलिमीटरवाली, ती कुठे गेली?

“नळी चुकून दुसरी गेली असेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू येईना.

“असेलही. म्हणूनच म्हणते, मूळ कुपीतून एकदा तपासून बघा. ती आहे ना?”

“आहे.”

पाहुणीने व्याख्यान दिले. टाळ्या इथपर्यंत ऐकू आल्या. टाळ्यांचा आवाज इतका भीतिदायक असतो हे मला तोपर्यंत माहीत नव्हते.

समारंभ आटोपल्यावर तिघे माझ्या दाराशी आले: मॅडम, दादा आणि चिमणी. मॅडमनी सगळे सांगितले. दादाला खाली बसावे लागले. खुर्ची नव्हती, तो केकच्या रिकाम्या खोक्यावर बसला आणि खोका दबल्याचा आवाज आला. कोणी हसले नाही.

“आपण कळवू, नळी चुकीची गेली,” तो शेवटी म्हणाला. “दुसरी पाठवू. विषय संपला.”

“दुसरी कुठली पाठवू? सगळ्या त्याच प्लेटवरून भरल्यात.”

“मग उत्तरच देऊ नका. दोन वर्षांनी तुम्ही निवृत्त. त्यांनाही वाद नकोय, म्हणून तर कोपऱ्यात येऊन बोलल्या ना!”

“पहिली उघडू या,” मॅडम म्हणाल्या.

“आणि वर्तुळ आलं नाही तर?”

“तर मोठा निबंध खोटा. त्याच्या मागचे चारही.”

“मॅडम, माझा प्रबंध त्यावर उभा आहे. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखपदाची मुलाखत आहे माझी. या पोरीचं दोन वर्षांचं काम आहे.”

“माझं धरू नका हो दादा,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज रडका होता, पण थांबेल ती चिमणी कसली. “मी अजून काही सिद्ध केलेलं नाही. नुसतं टाईप केलंय.”

“हजार लोकांनी आपलं नाव घेतलंय, मॅडम! हजार लोक चुकतील का?”

“अरे, त्या हजारांपैकी ही कुपी कोणी उघडली? मी तरी उघडली का?” मॅडमनी माझ्या दारावर हात टेकला. मग म्हणाल्या, “मोठ्या निबंधात जंतूची ओळख आपण कशी दिली होती, आठवतं?”

दादा खोक्यावरून उठल्याचा आवाज आला.

“एका ओळीत. ‘ओळखीसाठी आमचा आधीचा निबंध पाहावा.’ झालं. ती प्लेट पुन्हा तपासलीच नाही आपण. मी माझाच उल्लेख केला आणि तोच पुरावा समजले. त्या सात उल्लेखांतला एक तो आहे.”

माझा सातवा उल्लेख! तो मला किती प्रिय होता! एवढ्या मोठ्या निबंधाने आपली आठवण ठेवली, याचे मला केवढे अप्रूप वाटत आले होते.

“मॅडम,” दादा हळूच म्हणाला, “तेव्हा कडा वेगळ्या दिसायला लागल्या होत्या. आधी ठिपके गुळगुळीत यायचे, मग कातरल्यासारखे, दातेरी यायला लागले. मी तुम्हाला खिडकीपाशी आणून दाखवलं होतं.”

“मग? मी काय म्हणाले?”

“‘नवीन कंपनीचं आगर आहे, त्यामुळे असेल.’”

मग माझ्या डोक्यावर दाराची कडी वाजली.

त्या रुमालानंतर इतक्या वर्षांनी प्रकाश माझ्या अंगावर पडला. मॅडमचा चेहरा मी पाहिला आणि दचकले. खिशावर शाईचा डाग असलेली ती मुलगी कुठेच नव्हती. पांढरे केस, चष्मा, ओठ घट्ट मिटलेले. फक्त बाह्या तशाच कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्यांनी मला सुक्या बर्फात धरले, माझे झाकण फिरवले. ते हलेना. चिमणी म्हणाली, “मी करू?” मॅडम म्हणाल्या, “नको.” पुन्हा जोर लावला. झाकण करकरले आणि सुटले.

ज्योतीत तापवून गार केलेल्या लूपने, म्हणजे तारेच्या बारीक कड्याने, त्यांनी माझ्या पोटातला कणभर बर्फ खरवडला. वेदना झाली नाही. भीती मात्र वाटली. एवढ्या वर्षांच्या झोपेनंतर माझी लेकरे जागी होतील का? नाही झाली, तर कोण खरे आणि कोण खोटे हे कधीच कळणार नव्हते. झाकण लागले, दार लागले, अंधार झाला.

आधी त्यांना वाढवायचे, मग तपासायचे. मधल्या काळात व्हरांड्यात एरवी होणारी कोणतीच बोलणी झाली नाहीत. डब्यातल्या कुप्या मला प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या.

मग एका सकाळी पावले आली. तिघांची. खिडकीपाशी थांबली.

“वाढलेत,” चिमणी म्हणाली. “मॅडम, केवढे सुंदर आलेत! गोल, गुळगुळीत. कडा बघा ना.”

“आधी कामाच्या प्लेटवरचा मोज,” मॅडम म्हणाल्या. “चिवट रोगजंतूवर.”

“चोवीस.”

“आता पहिलीचा. त्याच रोगजंतूवर.”

पट्टी प्लॅस्टिकवर टेकल्याचा टकटक आवाज आला. मग पुन्हा एकदा.

“मोज ना.”

“मोजायला काही नाही, मॅडम. वर्तुळच नाही. शून्य.”

“दादा, तू बघ.”

दादाने बघायला खूप वेळ लावला. “शून्य,” तो म्हणाला. प्लेट खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग नाक पुसल्याचा.

“आता टाकीच्या हिरव्या थरातल्या जंतूवर?” मॅडमनी विचारले.

या वेळी पट्टी एकदाच वाजली.

“अकरा,” चिमणी म्हणाली. “मॅडम, बरोब्बर अकरा!”

माझी लेकरे जिवंत होती, आणि मॅडमनी मुलगी असताना लिहिलेले खरे होते. कधीतरी कामाच्या प्लेटवर हवेतला धुळीचा जंतू पडला होता आणि पुढे तोच वाढत गेला होता; ज्यावर हजार लोक बोलले ते खोटे होते. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच खिडकीत, एकाच पट्टीने कळल्या. आनंद करावा की आक्रोश, हे मला कळेना. मॅडमनाही कळले नसावे. त्या माझ्या दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या. दाराच्या पत्र्यातून मला त्यांचा श्वास जाणवत होता.

निबंध मागे घ्यायचा तर त्यावर नावे असलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. मॅडमनी सही केली. दादा कागद घेऊन गेला आणि काही दिवस दिसला नाही. चिमणी मला फ्रीजरबाहेरून सांगायची, म्हणजे खरे तर स्वतःशीच बडबडायची, “नाही करणार ते. का करतील? मी असते तर केली असती का?” मग मुलाखतीच्या आदल्या दिवशी दादा आला. त्याने सही केलेला कागद मॅडमच्या हाती दिला. मॅडम म्हणाल्या, “अरे, मुलाखत झाल्यावर दिला असतास तरी चाललं असतं.” दादा म्हणाला, “तुम्हाला चाललं असतं. मला तिथे बोलता आलं नसतं.” खुर्ची दुसऱ्याला मिळाली.

पाच निबंध गेले. त्रेचाळीसांचे अडतीस झाले. काही ओळखीचे लोक मॅडमना पाहून जिन्याच्या दुसऱ्या बाजूने जाऊ लागले. चिमणीने दोन वर्षांचे काम बाजूला ठेवले आणि ती गच्चीवर जाऊन टाकीपाशी उभी राहिली. “आता सांगा मला,” खाली आल्यावर ती मॅडमना म्हणाली, “हे अकराचं वर्तुळ येतं कशामुळे? ते तर तुम्ही लिहिलेलंच नाही.” मॅडम म्हणाल्या, “माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.”

आईचा फोन माझ्या दाराशीच आला.

“मग आता किती राहिले गं?”

“त्या पहिल्या निबंधाचे सात.”

“सात जण बरं बोलले का?”

“आई, त्यातली एक मीच होते. त्या खोट्या निबंधात.”

“मग सहा धर. जेवलीस का?”

“नाही.”

“आधी जेव. सहा काय कमी झाले?”

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी लिहिण्याचे काम कराल, कोणी मोजण्याचे, कोणी दुसऱ्याचे ऐकून पुढे सांगण्याचे. माझे एवढेच मागणे आहे. एखादी गोष्ट मौल्यवान आहे म्हणून तिला कोपऱ्यात बंद करून तिचा मान राखू नका. मला फार जपले, आणि त्या जपण्यातच माझ्याकडे कोणी पाहिले नाही. अधूनमधून झाकण उघडा. जे सगळे म्हणतात ते खरे आहे का, हे मुळाशी जाऊन बघा. कोणाचे नाव घ्याल तेव्हा त्याचे लिहिलेले एकदा तरी स्वतः वाचा. आणि हातातल्या प्लेटची कडा बदललेली दिसली, तर कारण सांगून मोकळे होऊ नका. थांबा.

आता माझ्या शेजारच्या खान्यांत माझ्यातूनच भरलेल्या सहा नव्या कुप्या आहेत. त्या वापरायच्या आहेत, हे चिमणीने डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे. मॅडमच्या निवृत्तीच्या दिवशी ती एक कुपी न्यायला आली होती. दार उघडे ठेवून, हातातल्या फोनवर बघत, तिने मॅडमना मोठ्याने वाचून दाखवले.

मोठा निबंध, मागे घेतल्यानंतरच्या वर्षात नवे उल्लेख: एकशे अठरा. तो मागे घेतला आहे असे त्यांपैकी ज्यांत लिहिले आहे ते: चार.

चार पानांचा पहिला निबंध, त्याच वर्षात नवे उल्लेख: एक.